पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल या गावी आमचं घर राइस मिलच्या मागच्या गल्लीत होतं. मिल सुरू झाली की फळीवरची भांडी बारीक थरथरत आणि कोंड्याची धूळ उडून ताटात येऊन बसे. माय वैतागून म्हणायची, "मिठाच्या जागी कोंडाच खाऊन राह्यलो आपन." त्या धडधडीतच आणखी एक आवाज असायचा. समोरच्या खोलीत आबाजी, म्हणजे माझे आजोबा, चिनी मातीच्या खलात औषध घोटत बसलेले असत. आजूबाजूच्या तीस-चाळीस गावांत त्यांना 'डाक्टर आबाजी' म्हणत. दारावर पत्र्याची पाटी होती, 'डॉ. डोमाजी' एवढीच. आडनाव नाही, पदवी नाही. ती बाबांनी रंगवून घेतली होती. बाबा मिलमध्ये वजनकाट्यावर होते आणि पोती मोजणाऱ्या माणसाची रंगाऱ्यांशी ओळख असतेच.

त्या खोलीला टिंक्चरचा वास होता. एक बाकडं, एक स्टोव्ह, त्यावर सुया उकळायचं जर्मनचं भांडं, आणि कपाटात गुलाबी मिक्श्चरच्या बाटल्या. बाटलीला कागदाची पट्टी चिकटवलेली आणि पट्टीला कात्रीनं खाचा पाडलेल्या. वाचता न येणाऱ्या माणसालाही एका वेळी एका खाचेपर्यंत प्यायचं हे कळे. खाचा पाडायचं काम माझं. कात्री वाकडी गेली की आबाजी पट्टी काढून पुन्हा करायला लावत. पण त्यांचं खरं कसब बाटल्यांत नव्हतं, बोटांत होतं. बांबू तोडताना कुऱ्हाड पायावर घेतलेले, झाडावरून पडलेले, वैनगंगेपलीकडून बैलगाडीत घालून आणलेले लोक बाकड्यावर झोपत आणि आबाजी डोळे मिटून अंगठ्यानं हाड चाचपत. "फीमर नाई तुटला. टिबिया आहे," असं ते स्वतःशीच म्हणत. इंग्रजी दोन ओळी वाचायला त्यांना वेळ लागे, पण अंगातल्या दोनशेहून जास्त हाडांची नावं तोंडपाठ होती. आणि त्यांची एक रीत होती. कुणालाही, अगदी दूधपित्या पोरालासुद्धा, हात लावायच्या आधी ते विचारत, "हात लावू का?" पलीकडून उत्तर आलं नाही तरी क्षणभर थांबत. बाबा म्हणत, जुन्या काळी आपल्या लोकांचा हात कुणाला चालत नसे, त्याची ती सवय. मीही तेच धरून चालले होते.

भिंतीवर एक फोटो होता. इंग्रजांच्या काळात देशी माणसांना डॉक्टरी शिकवायला दूरच्या एका शहरात शाळा निघाली होती, तिथला. तिचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. नाव घेतलं की लोक त्या इमारतीच्या कमानींचं कौतुक सांगायला लागतात आणि माझं म्हणणं राहून जातं. फोटोत मधोमध खुर्चीवर गोरा साहेब, आजूबाजूला कोट-टोप्या घातलेले पंचवीस-तीस तरुण, आणि उजव्या टोकाला खांबाजवळ आमचे आबाजी, मिसरूड फुटलेले, गळ्यापर्यंत बटणं लावलेले. तो फोटो दाखवून बाबा पाहुण्यांना सांगत, "आमचे बाबा इथी शिकले." आबाजी तेव्हा हटकून काहीतरी शोधायला उठून जात. मोठी माणसं स्वतःची स्तुती ऐकायला लाजतात, असं आम्ही समजायचो.

आता माझ्या प्रतापाकडे येते. मी बारावीला होते आणि मला डॉक्टर व्हायचं होतं. चंद्रपूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकानं 'आमच्या घरातील थोर व्यक्ती' या विषयावर लेख मागवले होते. मी बसले आणि वाचनालयातलं एक जुनं पुस्तक समोर ठेवून त्या शाळेचा सगळा इतिहास लिहून काढला. साहेबांना आपल्या दवाखान्यांसाठी स्वस्तात देशी डॉक्टर कसे हवे होते, पोरं बाँड लिहून कशी भरती होत, पास झाल्यावर जंगलातल्या दवाखान्यांवर त्यांना कसं धाडत. त्या इतिहासात मी आबाजींना नेऊन बसवलं. शेवटी वाक्य लिहिलं, 'त्या काळी आपल्या समाजातला हा मुलगा पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाला.' हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नुसतं 'उत्तीर्ण' फार रोडकं दिसत होतं, म्हणून मी 'पहिल्या श्रेणीत' जोडलं. आबाजींना विचारायला हवं होतं, पण मला त्यांना चकित करायचं होतं. दीड शहाणी होते मी.

लेख छापून आला. मिलमध्ये बाबांनी तो हमालांना वाचून दाखवला. पौर्णिमेला विहारात सगळी वस्ती जमली तेव्हा मला उभं करून मोठ्यानं वाचायला लावला आणि आबाजींच्या खांद्यावर शाल टाकली. छप्पन्नला दीक्षा घेतलेली ती माणसं. त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या धानात कंबर वाकवलेली. आपल्यातला एक जण इंग्रजाच्या शाळेत पहिला आला, हे ऐकून त्यांनी ज्या टाळ्या वाजवल्या त्या माझ्या कानात अजून आहेत. एक म्हातारी बाई रडतच आबाजींच्या पाया पडली. आबाजींना चार शब्द बोलायचा आग्रह झाला. ते उठले, सगळ्यांकडे पाहिलं, "जयभीम" म्हणाले आणि खाली बसले. घरी येताना शाल त्यांनी घडी करून माझ्या हातात दिली.

पंधरा दिवसांनी नोटीस आली. त्या सुमारास विनापरवाना डॉक्टर शोधून काढायचं फर्मान सुटलं होतं आणि कुणीतरी माझ्या लेखाचं कात्रण अर्जाला जोडून वर पाठवलं होतं. जिल्ह्याचे नुकतेच दोन तुकडे झाले होते, चंद्रपूर आणि गडचिरोली, आणि आमचे पेशंट दोन्हीकडचे. त्यामुळे कागद आधी तिकडे गेला, मग इकडे आला, आणि त्यावर शिक्के एवढे होते की मजकूर शोधावा लागला. मजकूर साधा होता. मूळ प्रमाणपत्र व नोंदणी घेऊन येत्या सोमवारी आरोग्य केंद्रात चौकशीसाठी हजर राहावे. अन्यथा पोलीस कारवाई करण्यात येईल. बाबा हसले. "दाखवून टाकू सर्टिफिकेट. कुठी ठेवलं, बाबा?" आबाजी म्हणाले, "पाहतो." आणि खल घोटत राहिले. खलात काहीच नव्हतं. नुसताच बत्ता खलावर वाजत होता.

सोमवारला पाच दिवस होते. त्या पाच दिवसांत आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. माय लाखोळीचं वरण करायची, भात उपसायची, आणि सगळं तसंच झाकून ठेवायची. बाबांनी पेटी उपसली, धान्याचे कणगे हलवले, छतावरच्या कवेलूंत, म्हणजे कौलांतसुद्धा, हात घालून पाहिला. दर वेळी आबाजींना विचारत, दर वेळी आबाजी म्हणत, "पाहतो." दारात सायकल थांबली की मला पोलीसच दिसे. रात्री डोळा लागायच्या आत मी माझ्या लेखातली वाक्यं मनात खोडत असे, जणू खोडली की छापलेलीही पुसली जातील. शुक्रवारी बाबा म्हणाले, "सर्टिफिकेट नाई तं नाई, फोटो तं आहे. त्याच्यामागं नावं लिवलेले असतीन." आणि फ्रेम उतरवून माझ्या मांडीवर दिली. मी मागचे खिळे काढले, पुठ्ठा सरकवला.

फोटो फ्रेमपेक्षा लांब होता. खालचा चार बोटांचा भाग पुठ्ठ्याखाली दुमडलेला होता. मी तो उलगडला. खुर्चीवर बसलेल्यांचे बूट दिसले, चकचकीत. मग उजव्या टोकाला खांबाजवळ दोन पाय दिसले, अनवाणी. पायांशी एक बादली होती आणि बादलीवर फडकं. मागे नावांची यादी होती. मी ती बोट ठेवून दोनदा वाचली. डोमाजी नावाचं कुणी तिच्यात नव्हतं. बाबांनी फोटो माझ्या हातातून घेतला, खिडकीकडे धरला, आणि मग तो हात हळूहळू खाली आला. आबाजी दारात उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"ते फ्रेम म्याच करून घेतली होती," ते म्हणाले. "बजारातल्या पोट्ट्याले म्हनलं, खालचं दुमड."

मग त्यांनी सांगितलं, बाकड्यावर बसून, पेशंटला समजावून सांगत तसं. ते त्या शाळेत विद्यार्थी नव्हते. चीरघरात, म्हणजे जिथे मुडदे चिरून शिकवत तिथे, ते नोकर होते. चार वर्षं. गावाकडून पोटामागे गेले आणि दुसरं कोणी करत नव्हतं ते काम मिळालं. मोठ्या घरच्या पोरांना मुडद्याला हात लावणं सोसत नसे. शिवलं तर घरी घेत नसत, म्हणून ती पोरं पुस्तक धरून दोन हात लांब उभी राहत आणि डोमा चिरायचा. ती नावं म्हणत, हा ते हाड, ती शीर वर उचलून दाखवायचा. फोटो एका विद्यार्थ्यानं खोली सोडताना टाकून दिलेला, तो यांनी उचलला. परत आल्यावर गावात एकाचं हाड बसवलं, मग दुसऱ्याचं. लोकच डॉक्टर म्हणायला लागले. "पह्यले नाई म्हनत होतो," आबाजी म्हणाले. "मंग थकलो."

 बाबांच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हतं. ज्या फोटोवर त्यांनी आपली मान ताठ ठेवली होती तो त्यांच्या हातात होता. शेवटी त्यांनी तो पुन्हा पुठ्ठ्याखाली दुमडला आणि म्हणाले, "हे घराच्या बाहीर जानार नाई. सर्टिफिकेट वाळवीनं खाल्लं, असंच सांगाचं. आपल्या घरी वाळवी आहेच. पन्नास वर्साआधीचा कागद, कोन पाहाले जाते? शीला जाईन संग, बोलाले चांगली आहे." आबाजींनी होही म्हटलं नाही आणि नाहीही. शीला म्हणजे मी; शनिवार-रविवार मी वाळवीचं वाक्य घोकलं. एकदा तर मायनं खरंच वाळवीनं खाल्लेला जुना कागद पुराव्यासाठी कापडात गुंडाळून ठेवला. आज हे लिहिताना हसू येतं, तेव्हा आम्ही तिघंही गंभीर होतो.

आरोग्य केंद्र गावाबाहेर, बसनं अर्ध्या तासावर. सोमवारी सकाळी आबाजींनी पांढरं धोतर नेसलं आणि सदऱ्याची सगळी बटणं लावली. बसमध्ये त्यांच्या ओळखीचे चौघे निघाले. एकानं तर तिथेच खांदा उघडा करून दाखवला. आबाजी म्हणाले, "हात लावू का?" आणि चालत्या बसमध्ये त्याचा खांदा चाचपला.  चौकशीला निघालेला माणूस वाटेत डॉक्टरी करून राह्यला, असं कुणी पाहिलं तर? मी त्यांचा हात ओढून खाली घेतला. त्या ओढण्याची लाज मला आजही वाटते.

चौकशी करणारे डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे, बदली होऊन वर्षभरापूर्वी आलेले. त्यांनी आबाजींना खुर्ची दिली, मला स्टूल. टेबलावर माझ्या लेखाचं कात्रण होतं, 'पहिल्या श्रेणीत' या शब्दांखाली लाल रेघ. मी वाळवीचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, पण साहेबच आधी बोलले.

"आजोबा, तुम्ही टाके घातलेले पेशंट माझ्याकडे येतात. मी पाहिलंय तुमचं काम." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. व्हरांड्यात रांग होती. "पन्नास वर्षांपूर्वीचा कागद. वाळवीनं खाल्ला असेल, पुरात गेला असेल. मी तसं लिहितो. शाळेला एक पत्र टाकतो. उत्तर यायचं नाही, फाइल पडून राहील. चालेल ना?"

 मी "हो साहेब" म्हणालेसुद्धा. घोकलेलं वाक्य साहेबांनी आपणहून पुढे केलं होतं. आता फक्त आबाजींनी मान हलवायची होती.

"नाई," आबाजी म्हणाले. "कागद नवताच, साहेब. मी त्या शाळेत मुडदे धरत होतो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मी आबाजींचा सदरा मागून ओढला. ते वळले नाहीत.

"आजोबा, विचार करून बोला. हे लिहिलं तर तुमचा दवाखाना मला आजच बंद करावा लागेल. पोलिसांनाही कळवावं लागेल."

"लिवा."

"कशासाठी पण? मी वाट काढून देतोय ना?"

आबाजींनी कात्रणाकडे बोट दाखवलं. "हे माह्या नातीनं लिवलं. मायेनं लिवलं, तिचा दोष नाई. मीच तोंड शिवून बसलो. पन ह्याच्यात जो पोट्टा आहे, फस्ट किलास, तो मी नवतो. तसा कोनी पोट्टाच नवता. जो होता तो अनवानी होता. तो सकाळी मुडदे धुये. धुयाच्या आंधी त्याईले इचारे, हात लावू का? त्याईचं कोनीच नवतं, साहेब. रस्त्यावर मेलेले, जंगलातून आनलेले. इचारनारं कोनी तं पाह्यजे. मंग तो चिरे आन् पोरं शिकत. त्या पोराईचे नावं फोटोमागं आहेत. उद्या त्या शाळेचं पुस्तक निंगन, त्याच्यात साहेबाचं नाव राहीन, पोराईचं राहीन. माहं कुठी राहीन? तुमी सरकार आहे. सरकारच्या कागदावर लिवा, का डोमाजी तिथी होता."

मला कळेना रडावं की ओरडावं. एवढ्या वर्षांचा दवाखाना, बाबांची मान, विहारातली शाल, सगळं त्यांनी एका दमात टेबलावर ठेवलं होतं. आणि तरी, खरं सांगते, इतके ताठ बसलेले आबाजी मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. पोलिसात प्रकरण गेलं, पण वयाकडे पाहून तंबीवर सुटलं. पाटी त्याच दिवशी उतरली. वस्तीतले काही जण वर्षभर आमच्याशी बोलले नाहीत, बाबा तर त्याहून जास्त. मी डॉक्टर झाले नाही. मार्क पुरले नाहीत, नर्सिंगला गेले आणि मेट्रन होऊन निवृत्त झाले. त्या शाळेवर पुढे खरोखरच एक जाडजूड स्मरणिका निघाली. मी ती मागवून पानन्‌पान पाहिली. गोऱ्या साहेबांची नावं आहेत, बक्षिसं मिळवलेल्यांची आहेत, कमानींचे नकाशेसुद्धा आहेत.

त्या दिवशी साहेबांनी कागद ओढला आणि जबाब लिहायला घेतला. आबाजी सांगत होते, ते लिहीत होते. नाव, बापाचं नाव, गाव, काम, चार वर्षं. कोणाच्या हाताखाली, किती वाजता यायचे, काय चिरायचे. मध्ये दोनदा शिपाई दारात येऊन रांग वाढल्याचं सांगून गेला, साहेबांनी हातानंच थांब म्हटलं. लिहून झाल्यावर त्यांनी सगळं वाचून दाखवलं. आबाजी मान खाली घालून ऐकत होते. एका ठिकाणी म्हणाले, "नोकर नाई, साहेब. चीरघरातला नोकर लिवा." साहेबांनी दुरुस्त केलं. मग आबाजींनी पेन घेतलं आणि खाली सही केली, एकेक अक्षर सुटं, दाबून, शाई मागच्या पानावर उतरेल इतकी.

सही करून ते उठले नाहीत. कागदाकडे बघत राहिले.

"साहेब, ह्याची एक नक्कल मले भेटन का?"

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्या कागदाकडे. तो त्यांनी चार तुकडे करून टोपलीत टाकला. ड्रॉवरमधून दोन कोरे कागद काढले, मध्ये कार्बन ठेवला, कडा जुळवल्या आणि म्हणाले, "सांगा. पहिल्यापासून, सावकाश सांगा."